नवा कपॅसिटर तपासल्याशिवाय बसवू नका

(आरे-वारे, जि. रत्नागिरी येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव, आयात-निर्यात, कर्जमुक्ती असे मोठे विषय झाले. माझ्या वाट्याला आलेला विषय मुठीत मावेल एवढा आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत एक डबा असतो. कोणी त्याला कंडेन्सर म्हणतो, कोणी कपॅसिटर. तो गेला की वायरमन येतो, दुकानातून नवा आणतो, तारा जोडतो, मोटार फिरते. आपण म्हणतो, काम झाले. माझे म्हणणे असे, की काम निम्मेच झाले. नवा डबा आहे म्हणजे चांगलाच असणार असे आपण धरून चालतो, आणि त्यातच मोटारी जळतात.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आम्ही कोरडवाहू माणसे, आम्हाला मोटारीचे काय सांगता? मी म्हणतो, तुम्हालाच सांगायला पाहिजे. विहिरीत पाणी थोडे, तेही दिवाळीनंतर किती टिकेल याचा भरवसा नाही. त्या पाण्याची एक पाळी पऱ्हाटीला बोंडे भरताना मिळाली, किंवा रब्बी ज्वारीला पोटरीत असताना मिळाली, तर पीक हाती लागते. ती पाळी द्यायचे दिवस मोजून आठ-दहा. बारमाही ओलीतवाल्याची मोटार आठ दिवस बंद पडली तर त्याचे नुकसान होते. कोरडवाहूवाल्याचे त्या आठ दिवसांत सालच जाते. मोटार वर काढा, तालुक्याला न्या, भरून आणा, परत सोडा, तोवर जमीन भेगाळलेली असते.

ज्वारीचे घरचे बी पेरायच्या आधी आपण काय करतो? ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. पिशवीवर काय छापले आहे त्यावर विसंबत नाही. बोगस बियाण्याने आपल्याला तेवढे शिकवले आहे. मग कपॅसिटरच्या बाबतीत छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास का? त्याचीही उगवण तपासता येते. कशी, ते आज सांगतो.

डबा करतो काय?

मोटारीला दोन कामांसाठी वीज लागते. एक पाणी उचलण्यासाठी. दुसरी आपल्या गुंडाळीत चुंबक तयार करण्यासाठी. पहिली वीज खर्च होते. दुसरी खर्च होत नाही, ती उसनी असते. मोटार ती घेते आणि परत करते, पुन्हा घेते आणि परत करते, एका सेकंदात शंभर वेळा. ही उसनवारी थेट डीपीशी चालली तर तारेवर फुकटचे ओझे पडते. विहिरीजवळ कपॅसिटर असला तर उसने घेणे-देणे त्याच्याशी चालते, बांधावरच्या बांधावर मिटते, आणि डीपीपासून विहिरीपर्यंतची तार मोकळी होते.

हिशेब करून बघू. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार घ्या. तिची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७५ धरा. ४१५ व्होल्टला ती तारेतून साधारण ८.६ अँपियर ओढेल. तिला २ केव्हीएआरचा चांगला कपॅसिटर लावला की तारेतला प्रवाह सुमारे ७.१ अँपियरवर येतो. तारेत उष्णता होऊन जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते.

आता ६३ केव्हीएची डीपी घ्या. तिची पूर्ण भाराची ताकद साधारण ८४ अँपियर. पाच अश्वशक्तीच्या दहा मोटारी कपॅसिटरशिवाय चालल्या तर ८६ अँपियर, म्हणजे डीपी काठोकाठ भरली. त्याच दहा मोटारी कपॅसिटर लावून चालल्या तर ७१. दोन मोटारींइतकी जागा निघाली. एक पैशाची तार नवी ओढली नाही, एक डीपी नवी मागितली नाही.

यातला एक बारकावा ध्यानात घ्या. हा फायदा एकट्याने कपॅसिटर लावून मिळत नाही. दहापैकी एकाने लावला तर डीपीला ते कळणारही नाही. दहाही जणांनी लावला आणि दहाही डबे चालू असले, तर प्रत्येकाच्या विहिरीवर व्होल्टेज सुधारते. कपॅसिटर हा डीपीवरच्या सगळ्यांचा मिळून विषय आहे, तो या अर्थाने.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण बाजारात वेगळे सांगणारे फिरतात. कपॅसिटरने बिल निम्मे होत नाही. अश्वशक्तीवर बिल येत असेल तर त्यात एक रुपयाचाही फरक पडणार नाही. मीटर असेल तर मीटरपासून मोटारीपर्यंतच्या तारेत वाया जाणारे जे वाचेल तेवढेच. 'वीज बचत यंत्र' म्हणून चकचकीत डबी विकणारा आला तर त्याला डबी उघडायला सांगा. २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. बिल माफ झाले म्हणून मोटार जळायची थांबत नाही. भरण्याचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

तीन जातीचे डबे

तपासायच्या आधी आपल्या पेटीत कोणत्या जातीचा डबा आहे ते ओळखा.

पहिला, थ्री फेज मोटारीचा. त्याला तीन टोके असतात आणि त्यावर केव्हीएआर लिहिलेले असते. तीन अश्वशक्तीला १, पाचला २, साडेसातला ३ आणि दहाला ४ केव्हीएआर, असे सर्वसाधारण माप आहे. जास्त मोठा लावला तर जास्त फायदा, असे नाही. मापाबाहेर मोठा लावला तर बंद होताना मोटारीच्या टोकांवर व्होल्टेज चढू शकते.

दुसरा, सिंगल फेज मोटारीचा 'रन' कपॅसिटर. मोटार चालू असेपर्यंत तो कामात असतो. त्यावर ३६, ५०, ७२ असे मायक्रोफॅरडचे आकडे आणि ४४० व्होल्ट लिहिलेले असते. दुकानदार मायक्रोफॅरडला एमएफडी म्हणतो.

तिसरा, सिंगल फेजचाच 'स्टार्ट' कपॅसिटर. हा बहुधा काळा, गोल. त्यावर १००-१२० असा पल्ला छापलेला असतो. मोटार उचलण्यापुरते दोन-तीन सेकंद त्याचे काम, नंतर स्विच किंवा रिले त्याला बाहेर काढतो. हा सतत चालण्यासाठी केलेलाच नाही. 'रन'च्या जागी 'स्टार्ट'चा लावला तर तो तापून फुटतो. 'स्वस्तात बसवून देतो' म्हणणारा नेमके हेच करत नाही ना, ते बघा.

आधी जीव, मग डबा

कपॅसिटर वीज साठवतो. मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातले, तरी डब्यात वीज असू शकते, आणि ४४० व्होल्टवर चालणाऱ्या डब्यात ती सहाशे व्होल्टच्या वरही असू शकते. चांगल्या डब्यात ती हळूहळू उतरवणारा रोधक बसवलेला असतो. पण तो तुटला आहे की शाबूत, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून त्यावर विसंबू नका.

मेन बंद करा, फ्यूज काढा, पाच मिनिटे थांबा. मग डबा रिकामा करा. दोन सारख्या वॅटचे जुने पिवळे बल्ब एकापुढे एक असे मालिकेत जोडून, चांगले वेष्टण असलेल्या दोन तारा काढून ठेवा. त्या तारा टोकांना लावून काही सेकंद धरा. तीन टोकांचा डबा असेल तर तिन्ही जोड्यांना लावा. त्यानंतर मीटरने व्होल्टेज शून्य झाले का ते बघा, आणि मगच हात लावा.

पेचकस आडवा लावून ठिणगी पाडायची सवय पुष्कळांना आहे. 'ठिणगी पडली, म्हणजे डबा चांगला' असे ते सांगतात. ठिणगी निम्म्या ताकदीच्या डब्यालाही पडते. तिने ताकद किती उरली ते कळत नाही. डोळा आणि बोट मात्र जाऊ शकते. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्या, पण आपण शेजारी उभे राहून आकडे वाचा आणि लिहून घ्या.

दुकानात काय बघायचे

जुना डबा हातात घेऊन दुकानात जा. मोटारीची पाटी वाचून जा. काही वेळा जुना डबाच चुकीचा बसवलेला असतो आणि आपण त्याच चुकीची नक्कल विकत आणतो.

मायक्रोफॅरड जुळलेच पाहिजेत. ३६ च्या जागी ५० बसवला तर मोटारीला जोर येत नाही, तिची दुसरी गुंडाळी तापते. ३६ च्या जागी २५ बसवला तर मोटार गुरगुरते आणि उचलत नाही. व्होल्ट मात्र जुन्याएवढे किंवा जास्त चालतात. कमी कधीही नको. नेमका आकडा मिळत नसेल तर दोन डबे समांतर जोडले की मायक्रोफॅरडची बेरीज होते, ३६ आणि ३६ चे ७२. अट एकच, दोन्ही डबे पूर्ण व्होल्टचे हवेत.

डब्यावर आयएसआयचे चिन्ह आणि त्याखाली परवाना क्रमांक आहे का ते बघा. मोटारीच्या कपॅसिटरसाठी आयएस २९९३ आणि थ्री फेजच्या केव्हीएआर डब्यांसाठी आयएस १३३४० ही भारतीय मानके आहेत. परवान्याचा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर टाकला की तो खरा आहे की नाही ते कळते. घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर हे काम तिच्यावर सोपवा, दोन मिनिटांत करील. पक्के बिल घ्या आणि त्यावर डब्याचा आकडा लिहून घ्या. बिलाशिवाय घेतलेल्या बियाण्याची तक्रार कुठेच चालत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तसेच हे.

मीटर काय सांगतो

आता मुख्य गोष्ट. मायक्रोफॅरड मोजणारा डिजिटल मीटर मिळतो. तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर मिळतो. दोन्ही कामे करणारे एकच यंत्रही मिळते. एक मोटार भरायच्या खर्चात ते येते.

सिंगल फेजच्या डब्याचे सोपे आहे. टोके मोकळी करा, डबा रिकामा करा, मीटर लावा. ३६ मायक्रोफॅरड, पाच टक्के कमी-जास्त, असे लिहिले असेल तर आकडा ३४.२ ते ३७.८ च्या आत आला पाहिजे. नव्या डब्याचा ३० आला तर तो तिथेच परत करा. जुन्या डब्याचा ३० आला तर मोटार रोज का तापते त्याचे उत्तर मिळाले. 'स्टार्ट'च्या डब्याचा आकडा छापलेल्या पल्ल्यात बसतो का ते बघा.

थ्री फेजच्या डब्यावर केव्हीएआर असते आणि मीटर दाखवतो मायक्रोफॅरड. इथे पुष्कळ वायरमन अडतात. म्हणून तयार आकडे सांगतो, वहीत उतरवून घ्या. डब्यावर ४४० व्होल्ट लिहिलेले असेल आणि दोन टोकांना मीटर लावून तिसरे टोक मोकळे ठेवले असेल, तर चांगल्या डब्याचे आकडे साधारण असे येतात:

१ केव्हीएआर: ८.२ मायक्रोफॅरड
२ केव्हीएआर: १६.४ मायक्रोफॅरड
३ केव्हीएआर: २४.७ मायक्रोफॅरड
४ केव्हीएआर: ३२.९ मायक्रोफॅरड

डब्यावर ४१५ व्होल्ट असेल तर हे आकडे सुमारे साडेबारा टक्क्यांनी मोठे येतील.

तिन्ही जोड्या मोजा आणि तिन्ही आकडे सारखे आहेत का ते बघा. डब्याच्या पोटात तीन कपॅसिटर त्रिकोणात जोडलेले असतात. त्यातला एक मेला, तर २ केव्हीएआरच्या डब्याचे आकडे १६.४ च्या जागी ११, ११ आणि ५.५ असे येतात. असा डबा बाहेरून अगदी नवा दिसतो. तो फुगत नाही, गळत नाही, मोटारही फिरते. पण तीन फेजवर त्याचा भार सारखा राहत नाही. मीटर लावल्याशिवाय हे जगात कोणाला कळणार नाही.

डबा बसवल्यावर दुसरी परीक्षा टाँग टेस्टरची. मोटार चालू असताना डब्याकडे जाणाऱ्या तिन्ही तारांचा प्रवाह मोजायचा. पूर्ण ४४० व्होल्टला एका केव्हीएआरमागे सुमारे १.३ अँपियर, म्हणजे २ केव्हीएआरला २.६. व्होल्टेज कमी असेल तर त्या प्रमाणात प्रवाह कमी. ३८० व्होल्टला २.३ च्या आसपास यायला हवा. तिन्ही तारांत सारखा यायला हवा. सिंगल फेजच्या 'रन' डब्यासाठी गणित असे: अँपियरला ३१८३ ने गुणा आणि डब्याच्या टोकांवर मोजलेल्या व्होल्टने भागा, मायक्रोफॅरड मिळतात. समजा ४.५ अँपियर आणि ४०० व्होल्ट आले. उत्तर ३५.८. ३६ चा डबा चांगला.

काटा हलणारा जुना मीटर असेल तर त्याचाही थोडा उपयोग आहे. काटा झेप घेऊन हळूहळू परत फिरला तर डबा जिवंत, शून्यावर चिकटला तर आतून जोडला गेलेला, हललाच नाही तर तुटलेला. पण ताकद किती राहिली ते काटा सांगत नाही.

जुना डबा मेला कशाने?

नवा डबा चांगला निघाला, तरी एक प्रश्न विचारल्याशिवाय पेटी बंद करू नका. जुना का गेला? मारेकरी पेटीतच बसलेला असेल तर नव्यालाही तो मारील.

आरे-वारेच्या या किनाऱ्यावर आपण बसलो आहोत. इथल्या वाऱ्यात मीठ आहे. ते पितळेच्या टोकांवर बसते, ओल धरते, टोके हिरवी पडतात, जोड सैल होतो, तिथे ठिणग्या पडतात. त्यात पावसाचे चार महिने हवा ओलसर. इथल्या बागायतदाराने पेटीला झाकण, खाली पाणी निचरायला भोक आणि टोकांची वरचेवर साफसफाई ठेवलीच पाहिजे.

तुमच्याकडचा शत्रू वेगळा. तुमच्याकडे ऊन. अकोला, यवतमाळ, परभणीकडे पत्र्याची पेटी उन्हात उभी असते आणि आतला डबा भाजत असतो. स्टार्टच्या डब्यांसारख्या द्रव भरलेल्या कपॅसिटरचा ठोकताळा असा आहे, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते. 'रन'चे डबेही उष्णतेने लवकर झिजतात. पेटी उत्तरेच्या बाजूला, झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत घ्या. खर्च काही नाही.

बाकीचे मारेकरी म्हणजे सैल स्क्रू, 'स्टार्ट'चा डबा वेळेवर बाहेर न काढणारा अडकलेला स्विच, आणि रात्री चढलेले व्होल्टेज. जिथे अजून रात्रपाळीची वीज आहे तिथे भार कमी झाला की व्होल्टेज चढते. रात्री एकदा मोजून बघा.

जोडणीची जागाही सांगतो. थेट सुरू होणाऱ्या साध्या स्टार्टरमध्ये कपॅसिटर मोटारीच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटार बंद झाली की तोही सुटतो. ओव्हरलोड रिलेच्या पुढे जोडला तर रिलेतून जाणारा प्रवाह कमी होतो. मग रिलेचा आकडाही कमी करून घ्यावा लागतो. तो तसाच ठेवला तर मोटार जळेपर्यंत रिले झोपून राहील. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर जोडणी वेगळी असते. ती जाणकाराकडूनच करून घ्या.

आणि एक हात जोडून सांगणे. दोनच फेज आलेल्या असताना कपॅसिटर लावून थ्री फेज मोटार ओढायचा उद्योग करू नका. तिन्ही गुंडाळ्यांत प्रवाह सारखा राहत नाही, एक गुंडाळी भाजत जाते. आज पाणी मिळते आणि पुढच्या आठवड्यात मोटार वर येते.

छोट्या यंत्रांचे कपॅसिटर

आपल्या घरात आता पाठीवरच्या फवारणी पंपाचा चार्जर आहे, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनचा चार्जर आहे. त्यांच्या पोटातही कपॅसिटर असतात, लहान, उभ्या डबीसारखे. चार्जर मेला म्हणून फेकायच्या आधी दुरुस्तीवाल्याला ते बघायला सांगा. माथा फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर तो गेला.

हे कपॅसिटर उलटसुलट चालत नाहीत. पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा बसवला तर फुटतो. बदली घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि ८५ अंशांचा व १०५ अंशांचा असे दोन असतील तर १०५ चा घ्या. वर्षानुवर्षे दुकानात पडलेला माल नको, न वापरताही त्याच्या आतला थर कमजोर होतो. पायांवर जुन्या कथलाचा डाग असेल तर तो भंगारातून काढलेला. यांचा मायक्रोफॅरड बरोबर येऊनही आतला रोध वाढलेला असू शकतो, म्हणून बसवल्यावर चार्जर भारावर तासभर चालवून बघा. कपॅसिटर तापत असेल तर मीटर काहीही म्हणो, तो नको. चार्जर उघडताना सांभाळा. २३० व्होल्टच्या बाजूच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट साठलेले असतात.

नव्या मालावर आंधळा विश्वास फक्त खेड्यातली माणसे टाकतात असे समजू नका. २००० सालच्या आसपास जगभर संगणकांतले असे कपॅसिटर फुगून गळू लागले. त्यातले बरेच तैवानच्या कारखान्यांतले होते. आतला द्रवच सदोष होता. ते बसवणाऱ्या नामांकित कंपन्यांकडे इंजिनिअरांच्या फौजा होत्या, तरी त्या फसल्या. कित्येक वर्षे संगणक मरत राहिले. फसवणुकीला गाव-शहर कळत नाही.

आपण काय करायचे

महावितरण आपल्याला वेळोवेळी आवाहन करते, की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. आवाहन खोटे नाही. वीज आल्याबरोबर दहाच्या दहा मोटारी ऑटोस्विचने एकदम उठल्या, तर प्रत्येक मोटार सुरुवातीला पाच-सहा पट प्रवाह ओढते. ८४ अँपियरच्या डीपीवर पाचशेच्या आसपास भार येतो. फ्यूज जातो, नाहीतर डीपी जाते. आणि डीपी जळाली की दहाही विहिरी बंद.

पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथ्यावर मारला जातो, ते आपण मान्य करायचे नाही. लांबच लांब जुनी तार, मंजूर भारापेक्षा जास्त जोड, तीनशे-साडेतीनशे व्होल्टवर आलेला पुरवठा, ही आपली कामे नव्हेत. शिवाय कमी व्होल्टेजला कपॅसिटरचाही जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ४४० चा २ केव्हीएआरचा डबा ३४० व्होल्टला १.२ केव्हीएआरच उरतो. तेव्हा कपॅसिटर हे चांगल्या पुरवठ्याला बदली औषध नाही. तो पुरवठा मागायचा आपला हक्क शाबूत आहे. तो हक्क मागायला जाताना हातात वही पाहिजे. 'व्होल्टेज नसते हो साहेब' म्हटले तर साहेब म्हणतात 'तुमचे कपॅसिटर बंद असतील'. वहीत दहाही विहिरींचे डबे तपासल्याच्या तारखा, आकडे आणि त्या दिवशीचे व्होल्टेज लिहिलेले असेल, तर ते उत्तर देता येणार नाही.

म्हणून गावी गेल्यावर एवढे करा. प्रत्येक डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एक बैठक घ्यावी. वर्गणी काढून एक मीटर घ्यावा आणि तो एकाच्या ताब्यात ठेवावा. खरीप आवरल्यावर, रब्बीची मोटार सुरू करायच्या आधी, एक दिवस ठरवून वायरमनला घेऊन सगळ्या विहिरी फिराव्यात. प्रत्येक डबा मोजावा, आकडा डब्यावरच तारखेसह रंगाने लिहावा आणि वहीत नोंदवावा. नवा डबा आला तर तो मोजल्याशिवाय पेटीत जाऊ देऊ नये. कमी भरला तर बिलासह त्याच दिवशी दुकानात परत. ऑटोस्विच काढावेत आणि वीज आल्यावर कोणी किती मिनिटांनी सुरू करायचे याची पाळी बांधावी. पुढच्या जिल्हा बैठकीला ही वही बरोबर आणा. दहा डीप्यांच्या वह्या एकत्र झाल्या तर महावितरणच्या कार्यालयात नुसते गाऱ्हाणे घेऊन जायची वेळ येणार नाही, जिल्ह्याचा हिशेब घेऊन जाता येईल.

विचारायचे असेल त्यांनी आता विचारा. मीटर आणि तीन डबे मी बरोबर आणले आहेत. त्यातला एक दुकानातून नवाच आणलेला आहे आणि तो मेलेला आहे. तो कोणता, हे तुम्हीच मोजून सांगा.